फुकटात ईमेल न्यूजलेटर सुरू करायचंय? सर्व्हिस निवडण्याआधी हे वाचा

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. तोवर महाराष्ट्रातल्या गावागावांत टिकटॉकवर हजारो-लाखो फॉलोअर्स जमवलेली मुलं-मुली होती. बंदी आली आणि त्या फॉलोअर्सपर्यंत पोहोचायचा रस्ताच संपला. नाव नाही, नंबर नाही, पत्ता नाही. हातात फक्त एक आकडा होता, तोही ॲपबरोबर गेला.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर तशी वेळ आलेली नाही. पण तिथेही तुमच्या १० हजार फॉलोअर्सपैकी पोस्ट कुणाला दिसणार हे ॲल्गोरिदम ठरवतो. म्हणून लेखक, पत्रकार, क्लासवाले, घरगुती व्यवसाय करणारे असे बरेच जण आता ईमेल न्यूजलेटरकडे वळतायत. इथे वाचकाचा पत्ता थेट तुमच्याकडे असतो, आणि मेल त्याच्या इनबॉक्समध्ये जातो.

मग प्रश्न येतो तो सर्व्हिस कुठली निवडायची हा. 'फ्री' लिहिलेल्या डझनभर वेबसाइट्स आहेत. त्यातली कुठली खरंच फुकट आहे, कुठे नंतर खिसा कापला जातो आणि भारतात राहून मराठीत लिहिणाऱ्याने काय वेगळं बघायचं, ते समजून घेऊ.

जीमेलवरूनच पाठवलं तर?

सुरुवातीला सगळ्यांच्याच डोक्यात हा विचार येतो. २० मित्रमैत्रिणी असतील तर चालूनही जातं. पण जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला जास्तीत जास्त ५०० जणांनाच मेल पाठवता येतो. मर्यादा ओलांडली की काही काळ पाठवणं बंद होतं, म्हणजे तुमचे रोजचे कामाचे मेलही अडकतात.

दुसरा धोका जास्त लाजिरवाणा आहे. बीसीसीऐवजी चुकून सीसीमध्ये पत्ते टाकले, की यादीतल्या प्रत्येकाला इतर सगळ्यांचे पत्ते दिसतात. शिवाय ज्याला मेल नकोय त्याला बाहेर पडायला बटण नसतं. तो मग 'रिपोर्ट स्पॅम' दाबतो, आणि अशा तक्रारी साचल्या की तुमचे मेल इतरांच्याही स्पॅम फोल्डरमध्ये जायला लागतात.

न्यूजलेटर सर्व्हिस हीच तीन कामं करते. मोठ्या संख्येने मेल पाठवते, यादी सांभाळते आणि नाव काढून टाकायची लिंक प्रत्येक मेलखाली आपोआप टाकते.

फुकट म्हणजे किती फुकट?

मेल पाठवायला कंपनीला खर्च येतो. तो कुणीतरी भरतंच. काही कंपन्या छोट्यांना फुकट देतात आणि यादी वाढली की बिल लावतात. काही सगळं फुकट देतात, पण तुम्ही वाचकांकडून पैसे घ्यायला लागलात की त्यात वाटा मागतात. काही तुमच्या मेलखाली आपला लोगो लावून जाहिरात करून घेतात. सर्व्हिस यापैकी कुठल्या प्रकारातली आहे ते कळलं, की अर्धी निवड तिथेच होते.

मेलचिंपची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात २००१ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने २००९ मध्ये फुकट प्लॅन आणला आणि जगभरातल्या नवशिक्यांची ती पहिली पसंती झाली. बराच काळ २००० संपर्कांपर्यंत ती फुकट होती. २०२१ मध्ये इंट्यूट या कंपनीने मेलचिंप सुमारे १२ अब्ज डॉलर्सना विकत घेतली. २०२२ मध्ये फुकट मर्यादा २००० वरून ५०० संपर्कांवर आली. २०२३ मध्ये महिन्याला १००० मेलची अट लागली, आणि त्यानंतरही अटी कडकच होत गेल्या.

५०० लोक आणि १००० मेल हे ऐकायला भरपूर वाटतं. पण ५०० जणांच्या यादीला दर आठवड्याला एक मेल म्हणजे महिन्याला किमान २००० मेल झाले. म्हणजे या अटीत साप्ताहिक न्यूजलेटर बसतच नाही, पाक्षिक कसंबसं बसतं. त्यात मेलचिंप नाव काढून घेतलेल्या लोकांनाही, तुम्ही त्यांना वेगळं आर्काइव्ह केलं नाहीत तर, तुमच्या संपर्कांत मोजते. सोडून गेलेल्यांचंही भाडं तुम्हीच भरायचं. नाव सगळ्यांना माहीत आहे म्हणून आज नवशिक्याने मेलचिंपवर खातं उघडणं, हा निर्णय पुन्हा एकदा तपासून बघावा असाच आहे.

बाकीच्यांचं गणित वेगवेगळं आहे. ब्रेव्हो (पूर्वीचं नाव सेंडइनब्लू) ही फ्रेंच कंपनी लोक किती आहेत ते न बघता दिवसाला किती मेल जातात ते बघते. फुकट मर्यादा दिवसाला ३००. तुमच्या यादीत ४५० जण असतील तर एकच अंक दोन दिवसांत विभागून जाईल. रेसिपीला चालेल, पण 'आज संध्याकाळी ६ वाजता लाइव्ह आहे' असं सांगायचं असेल तर दीडशे जणांना ते उद्या कळेल.

मेलरलाइट वापरायला सोपी म्हणून लोकप्रिय आहे. तिची फुकट मर्यादा बरीच वर्षं १००० सदस्यांची होती, २०२५ मध्ये ती ५०० वर आणली गेली. किट (२०२४ पर्यंत कन्व्हर्टकिट) याच्या उलट गेली. २०२४ मध्ये तिने फुकट मर्यादा १० हजार सदस्यांपर्यंत वाढवली, पण ठरावीक क्रमाने आपोआप मेल पाठवायची सोय त्यात अगदी मोजकी ठेवली. बीहाइव २५०० सदस्यांपर्यंत फुकट आहे आणि मेल कितीही पाठवता येतात. बटनडाउन ही साधी, नीटनेटकी सर्व्हिस फक्त १०० सदस्यांपर्यंत फुकट देते. चेन्नईच्या झोहोची 'कॅम्पेन्स' ही सेवा २००० संपर्क आणि महिन्याला ६००० मेलपर्यंत फुकट आहे. तिचा कल मात्र लेखकांपेक्षा दुकानदार-व्यावसायिकांकडे आहे.

हे सगळे आकडे बदलतात, आणि वर दिसतंय तसं बहुतेक वेळा खालीच येतात. म्हणून खातं उघडायच्या दिवशी कंपनीचं दरपत्रक स्वतः बघा. त्याच वेळी फुकट मर्यादेच्या पुढचा पहिला टप्पा किती रुपयांचा आहे तेही बघून ठेवा. यादी वाढणं ही आनंदाची गोष्ट असायला हवी. ५०१वा वाचक आला आणि डॉलरमधलं बिल सुरू झालं, असं झालं की आनंदावर पाणी पडतं.

सबस्टॅक: सगळं फुकट, पण पैसे घ्यायचे असतील तर?

लिहिणाऱ्यांमध्ये सध्या सर्वाधिक चर्चा सबस्टॅकची आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या सर्व्हिसवर सदस्य कितीही असोत, मेल कितीही जावोत, पैसे पडत नाहीत. १० मिनिटांत खातं तयार होतं, लेखांचं वेबपेज आपोआप बनतं. डिझाइनमध्ये फार काही करता येत नाही. ज्याला फक्त लिहायचंय त्याला ते बरंच वाटतं.

सबस्टॅकची कमाई सशुल्क सदस्यांतून होते. वाचकाने तुम्हाला दिलेल्या पैशांतले १० टक्के सबस्टॅक घेते. पेमेंट गेटवेचं शुल्क त्याशिवाय. वर्षाला १ लाख रुपये जमले तर १० हजार सबस्टॅकचे. बीहाइव असा वाटा घेत नाही, पण सशुल्क सदस्यत्व सुरू करायला त्यांचा पैसेवाला प्लॅन घ्यावा लागतो.

भारतात मात्र अडचण त्याच्याही आधी येते. सबस्टॅकवर पैसे घ्यायला 'स्ट्राइप' या पेमेंट कंपनीचं खातं लागतं. मे २०२४ पासून स्ट्राइपने भारतात नव्या व्यावसायिकांसाठी दार जवळपास बंद केलंय. निमंत्रण असेल तरच प्रवेश मिळतो. म्हणजे नाशिक किंवा नांदेडला बसून आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला सबस्टॅकवर फुकट न्यूजलेटर चालवता येईल, पण 'पेड' बटण चालू करताना गाडी अडण्याची शक्यता मोठी आहे. परदेशी यूट्यूबर्सच्या 'सबस्टॅकवर कमवा' छाप व्हिडिओंमध्ये ही गोष्ट येत नाही, कारण त्यांना ती अडचणच नाही.

वाचकाच्या बाजूनेही एक अडथळा आहे. दर महिन्याला कार्डावरून आपोआप पैसे कापले जाण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. असा व्यवहार आधी नोंदवावा लागतो, पैसे कापण्यापूर्वी ग्राहकाला सूचना जावी लागते. ग्राहकासाठी हे नियम चांगलेच आहेत. पण परदेशी कंपन्यांच्या वर्गण्या यात अनेकदा अडकतात, पहिलं पेमेंट होतं आणि पुढचं होत नाही.

यातून बरेच जण साधा मार्ग काढतात. न्यूजलेटर सगळ्यांना फुकट ठेवायचं आणि मेलच्या शेवटी यूपीआयचा क्यूआर कोड किंवा भारतीय पेमेंट गेटवेची लिंक द्यायची. ज्याला वाटेल तो पैसे देईल. यात सर्व्हिसला वाटा द्यावा लागत नाही, आणि उद्या सर्व्हिस बदलली तरी हा मार्ग तसाच राहतो.

सर्व्हिसच बंद पडली तर?

ही कल्पनेतली भीती नाही. टाइनीलेटर नावाची छोटी, गोड सर्व्हिस २०१० मध्ये सुरू झाली. वैयक्तिक पत्रांसारखी न्यूजलेटर्स लिहिणाऱ्यांची ती लाडकी होती. पुढच्याच वर्षी मेलचिंपने ती विकत घेतली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद केली. ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये रेव्ह्यू ही न्यूजलेटर कंपनी घेतली. मालक बदलल्यावर १८ जानेवारी २०२३ रोजी तीही बंद झाली. फेसबुकने २०२१ मध्ये मोठ्या थाटात 'बुलेटिन' आणलं, तेही दोन वर्षांच्या आत गुंडाळलं.

या सर्व्हिस गेल्या तरी लिहिणारे टिकटॉकवाल्यांसारखे रिकाम्या हाती राहिले नाहीत. ज्यांनी आपल्या वाचकांच्या पत्त्यांची फाइल उतरवून घेतली, ते ती फाइल घेऊन दुसरीकडे गेले. वाचकांना फारसं कळलंही नाही.

म्हणून फुकट मर्यादेपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न हा: सगळ्या सदस्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवता येते का? सीएसव्ही म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल. वर नाव घेतलेल्या चालू सर्व्हिसेसमध्ये ही सोय आहे. लिंक्डइनच्या न्यूजलेटरमध्ये नाही. तिथे हजारो सदस्य मिळतील, पण त्यांचे ईमेल पत्ते लिंक्डइन तुम्हाला देत नाही. व्हॉट्सॲप चॅनेलचंही तेच, चालवणाऱ्याला अनोळखी फॉलोअर्सचे नंबर दिसत नाहीत. लोकांपर्यंत पोहोचायला ही दोन्ही साधनं चांगली आहेत. फक्त त्यांना 'माझी यादी' समजू नका.

निवड पक्की करण्याआधी पाच मिनिटांची चाचणी करता येते. खातं उघडा, स्वतःचे आणि घरच्यांचे मिळून दोन-तीन पत्ते टाका आणि लगेच यादी उतरवून बघा. बटण सापडत नसेल किंवा त्यासाठी पैसे मागत असतील, तर तिथेच थांबा. आणि सुरू केल्यावर महिन्यातून एकदा ती फाइल उतरवून स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवत जा.

मेलखाली घराचा पत्ता?

ही बाब नवशिक्यांना शेवटच्या पायरीवर कळते. बहुतेक सर्व्हिसेस अमेरिकी कायदा पाळतात, आणि त्या कायद्यानुसार प्रचाराच्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता असावा लागतो. ऑफिस नसलेला माणूस सहज घरचा पत्ता भरतो, आणि मग तो पत्ता फ्लॅट नंबरसकट प्रत्येक अनोळखी वाचकाला जातो. राजकारण, जातीयवाद, स्त्रियांचे प्रश्न यांवर लिहिणाऱ्यांनी तर हे हलक्यात घेऊ नये.

सबस्टॅकच्या मेलखाली कंपनीचा स्वतःचा पत्ता येतो. किटही आपला पत्ता वापरू देते. इतर ठिकाणी पोस्ट ऑफिसात पोस्ट बॉक्स घेऊन तो पत्ता देणं हा पर्याय आहे.

स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलचे पूर्ण नियम जीमेल खात्यांना दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना लागू आहेत, पण त्यातला मुद्दा सगळ्यांनाच लागू पडतो. मेल ज्याच्या नावाने आलाय त्यानेच पाठवलाय हे तांत्रिकदृष्ट्या सिद्ध व्हायला हवं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही नावं त्यासाठीच्या तपासण्यांची आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा साधा जीमेल पत्ता टाकून दुसऱ्या सर्व्हिसमधून मेल पाठवला तर तो संशयास्पद ठरू शकतो. मेल गूगलच्या नावाचा आहे आणि येतोय भलत्याच सर्व्हरवरून. सबस्टॅक किंवा बीहाइव आपलाच पत्ता देतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. मेलरलाइट, ब्रेव्हो, झोहो अशा ठिकाणी स्वतःचं डोमेन असणं चांगलं. त्याचा खर्च वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास येतो. फुकट प्रकरणात इथेच काय तो पैसा जातो, पण हा खर्च वाया जात नाही.

मोठ्या प्रेषकांसाठी गूगलची आणखी एक रेषा आहे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नयेत. म्हणजे १००० मेलमागे तीन तक्रारीही जास्तच.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास

इंग्रजी मार्गदर्शकांत हे मिळत नाही, कारण त्यांना गरज पडत नाही.

जीमेल सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं आणि खाली 'पूर्ण मेल पाहा' अशी लिंक देतं. इंग्रजी अक्षर संगणकात एक बाइट जागा घेतं, तर देवनागरीतला प्रत्येक वर्ण, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट. २००० शब्दांचा मराठी मजकूर नुसताच ३५ केबीच्या आसपास जातो, तेवढाच इंग्रजी १२ केबीत बसतो. त्यावर भरगच्च टेम्पलेटचा कोड चढला की मराठी मेल लवकर कापला जातो. आणि कापला गेला की सगळ्यात शेवटी असलेली नाव काढून टाकायची लिंक दिसत नाही. मग वैतागलेला वाचक स्पॅमचं बटण दाबतो. उपाय सोपा आहे: साधं टेम्पलेट घ्या, आणि लेख फार मोठा असेल तर अर्धा मेलमध्ये देऊन बाकीच्यासाठी वेबपेजची लिंक द्या.

टेम्पलेटमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेली शीर्षकं असतील तर ती टाळा. इंग्रजीत ती ऐटबाज दिसतात, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटल्यासारखा दिसतो. सुंदर मराठी फॉन्ट निवडायच्या भानगडीतही पडू नका. जीमेल बाहेरचे फॉन्ट घेत नाही, वाचकाच्या फोनमध्ये जो आहे तोच दिसतो. जाड ठशात मोठा परिच्छेद टाकला तर जोडाक्षरं गिचमीड होतात, तेवढं सांभाळा.

'सबस्क्राइब', 'कन्फर्म', 'अनसबस्क्राइब' हे शब्द मराठीत बदलता येतात का तेही बघून घ्या. तुमचे वाचक निवृत्त शिक्षक किंवा शेतकरी असतील तर 'तुमचं नाव पक्कं करण्यासाठी इथे दाबा' या ओळीने बराच फरक पडतो.

मग नेमकी कुठली घ्यायची?

'टॉप १० फ्री सर्व्हिसेस' छापाच्या याद्या वाचताना एक लक्षात ठेवा. यातल्या अनेक कंपन्या ग्राहक आणून देणाऱ्याला कमिशन देतात. यादीतला पहिला क्रमांक नेहमी गुणवत्तेनेच मिळालेला असतो असं नाही.

फक्त लिहायचं असेल, म्हणजे कथा, समीक्षा, बातम्यांचं विश्लेषण, तर सबस्टॅक किंवा बीहाइव पुरेसं आहे. लिहिणाऱ्याला तांत्रिक कटकट नको असेल तर सबस्टॅक. पुढेमागे जाहिराती घ्यायचा, आकडेवारी बघायचा विचार असेल तर बीहाइव. दिवाळी फराळ विकणारा घरगुती व्यवसाय, योगाचा किंवा स्पर्धा परीक्षांचा क्लास असेल तर मेलरलाइट किंवा झोहो जास्त उपयोगी, कारण तिथे ग्राहकांचे गट पाडता येतात. चकलीवाल्यांना वेगळा मेल, दिवाळी अंकवाल्यांना वेगळा. यादी मोठी पण मेल क्वचित, असं काम असेल तर ब्रेव्होचा हिशोब परवडतो. सोशल मीडियावर आधीच हजारो फॉलोअर्स असतील आणि यादी झपाट्याने वाढेल अशी खात्री असेल, तर किटची १० हजारांची मर्यादा मोलाची आहे.

घोस्ट नावाची मुक्त प्रणालीही आहे, २०१३ पासूनची आणि उत्तम. पण तिचं सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो आणि सांभाळावाही लागतो. पहिल्याच न्यूजलेटरसाठी ती वाट धरू नये.

पहिली यादी कशी बनवायची?

इथे घाई करून लोक खातं बंद करून घेतात. व्हॉट्सॲप ग्रुपवरून, लग्नाच्या निमंत्रण यादीतून, जुन्या ऑफिसच्या डिरेक्टरीतून पत्ते गोळा करून टाकले, की न विचारता आलेल्या मेलवर तक्रारी येतात आणि सर्व्हिस खातं गोठवते. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. एखाद्याचा पत्ता ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी, त्याच्या संमतीने वापरायचा, हा त्याचा गाभा आहे.

त्यासाठी 'डबल ऑप्ट-इन' चालू करा. वाचकाने फॉर्ममध्ये पत्ता टाकला की त्याला एक मेल जातो, त्यातली लिंक दाबल्यावरच नाव यादीत चढतं. यात काही जण गळतात, पण चुकीचे टाइप केलेले पत्ते आणि बनावट नोंदीही गळतात. फुकट मर्यादा ५०० ची असताना त्यातल्या ८० जागा मृत पत्त्यांनी अडवू नयेत.

पहिला अंक पाठवण्याआधी तो स्वतःच्या जीमेलवर, आउटलुकवर आणि घरातल्या कुणाच्या तरी रेडिफमेलवर पाठवून बघा, मोबाइलवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे. विषयाची ओळ फोनवर कुठे तुटते ते तेव्हाच कळतं. नंतर 'ओपन रेट'चा आकडा बघताना मात्र थोडा हात राखून विश्वास ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आली, तिच्यामुळे न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. किती जणांनी लिंकवर क्लिक केलं आणि किती जणांनी मेलला उत्तर पाठवलं, हे आकडे त्यापेक्षा खरे असतात.